उभ्या फटफटीचं तेल

जुनी फटफटी बघायला आलेला माणूस आधी भोंगा वाजवतो. मग पेट्रोलच्या टाकीवरून हात फिरवतो, सीटवर बसून दोनदा उसळून बघतो आणि शेवटी, आपल्याला यातलं कळतं हे मिस्त्रीला दाखवायला, चाकाला एक लाथ घालतो. तीस वर्षं मी या लाथा पाहिल्या. लाथ मारून टायर कळतो हा समज कोणी पसरवला देव जाणे. लाथेने फक्त चप्पल कळते. पण गिऱ्हाईक लाथ मारत असताना मिस्त्रीने दुसरीकडे बघायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

माझी शेड पनवेलच्या वेशीबाहेर होती. चार खांब, वर पत्रे आणि एक चिंच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये पाने उचलून द्यायला लागलो आणि लढाई संपेपर्यंत इंजिन उघडायला शिकलो. मग मिलिटरीने आपल्या फटफट्या लिलावात काढल्या. त्या डॉक्टर, कंत्राटदार, तपासनीस अशा लोकांनी घेतल्या आणि त्यांच्यामागोमाग मीही मिलिटरीतून बाहेर पडलो. हिरव्या रंगावर काळा रंग दिला की ती गाडी मुलकी झाली, एवढंच. सुटे भाग मिळायचे नाहीत. मापाचा टायर मिळणं म्हणजे मुलीला स्थळ मिळण्यासारखं होतं, चार ठिकाणी सांगून ठेवायचं आणि वाट बघायची.

टायर निवडताना लोक फसतात ते नक्षीला. नक्षी खोल दिसली की टायर नवा. मिलिटरीच्या गोदामातून आलेले टायर तर एक मैलही न धावलेले, कागदात गुंडाळलेले. पण टायर जसा धावून झिजतो तसाच पडून मरतो. दहा वर्षं गोदामाच्या पत्र्याखाली तापलेलं रबर वरून काळंकुळकुळीत दिसतं आणि कडेला वाकवलं की बारीक बारीक चिरा दाखवतं. एका जंगल कंत्राटदाराने माझं न ऐकता असाच एक टायर पसंत केला. तीन आठवड्यांनी तो फाटका टायर हारासारखा गळ्यात घालून पायी चालत शेडमध्ये आला आणि म्हणाला, "मिस्त्री, पण नक्षी बघा, अजून कशी शाबूत आहे!" त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं.

तेलाची गोष्ट थोडी समजावून सांगावी लागेल. त्या जुन्या फटफट्यांत इंजिनचं तेल इंजिनच्या पोटात नसायचं. सीटखाली तेलाची वेगळी छोटी टाकी असायची. गाडी चालू झाली की पंप ते तेल इंजिनात पाठवायचा आणि वापरलेलं तेल पुन्हा टाकीत आणून सोडायचा. पण गाडी बरेच दिवस उभी राहिली की पंपाच्या फटीतून तेल हळूहळू खाली उतरतं आणि इंजिनच्या पोटात जमा होतं. मग झाकण उघडून बघणाऱ्याला टाकी रिकामी दिसते. तो बिचारा वरून तेल ओततो. गाडी सुरू झाल्यावर पोटातलं तेल वर येतं, टाकी आधीच भरलेली, पोटही भरलेलं. जास्तीचं तेल मग इंजिनच्या श्वास सोडायच्या नळीतून बाहेर उडतं, ते थेट मागच्या चाकावर. तेल लागलेला टायर वळणावर काय करतो ते सांगायला नको. म्हणून उभ्या फटफटीचं तेल बघू नये. आधी पाच मिनिटं इंजिन चालवावं, मग झाकण उघडावं. हे मी निदान शंभर माणसांना शिकवलं असेल. आणि चुकलो मीच.

रूबेनसाहेब शाळा तपासनीस होते. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, मराठी आमच्या भटजींपेक्षा स्वच्छ. तालुकाभरच्या शाळा ते फटफटीवरून तपासत फिरायचे. मास्तरांना त्यांची गाडी दोन मैलांवरून ऐकू यायची, त्यामुळे प्रत्येक शाळेत ते पोहोचेपर्यंत पाढे सुरू झालेले असायचे. गाडीची निगा राखणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही. ते म्हणायचे, "आमच्या पूर्वजांना इकडे शनिवार तेली म्हणायचे. घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. तेलाचं मला शिकवू नकोस." शनिवारी त्यांची फटफटीही बंद असायची. मी एकदा विचारलं, घाणा ठीक, पण गाडी का? तर म्हणाले, "आत ठिणगी पडते ना? मग तो विस्तवच झाला, आणि शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही."

त्यांची मुलं आधीच इस्राएलला गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनेही जायचं ठरवलं. घरातलं सामान एकेक करून गेलं. फटफटी त्यांनी माझ्या शेडमध्ये आणून उभी केली आणि म्हणाले, "चांगला माणूस बघून दे. आणि एक ऐक. माझ्या नावावर आहे तोवर शनिवारी हिला सुरू करू नकोस." मी हो म्हटलं. मागचा टायर गुळगुळीत झाला होता, तो बदलून द्यायचा असंही ठरलं. गाडी महिनाभर चिंचेखाली उभी राहिली.

गिऱ्हाईक आलं ते नेमकं शनिवारी. बाळाराम कोळी उरणकडचा, मुंबईच्या बंदरात लाँचवर इंजिन सांभाळायचा. बरोबर बायको, हौसाबाई. ती मासळी विकायची. गावातून मासळी पनवेलच्या बाजारात पोहोचेपर्यंत दुपार व्हायची आणि भाव पडायचा. फटफटीला दोन बाजूंना पाट्या बांधून सकाळीच बाजार गाठायचा, असा नवराबायकोचा बेत. शनिवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून त्यांना सवड झाली होती.

"चालू करून दाखवा की," बाळाराम म्हणाला.

मी रूबेनसाहेबांची अट सांगितली. मला वाटलं, आता हा निघून जाईल. पण हौसाबाईनेच मान डोलावली. "बराबर हाय त्यांचा. आमी पन शनवारी लोखंड घरात नेत नाय. आज बगू, उद्या नेऊ."

म्हणजे दोन्ही बाजूंनी शनिवार. मला हसू आलं होतं.

मग टायरची निवड झाली. माझ्याकडे मापाचे दोन टायर होते. एक गोदामातला, कोरा, खोल नक्षीचा. दुसरा एका कंपनीच्या इंजिनिअरने बदललेला, थोडा वापरलेला, नक्षी जरा उतरलेली, पण दोन वर्षांपूर्वीचाच. बाळारामचा हात सरळ कोऱ्या टायरवर गेला. मी तोंड उघडणार तोच हौसाबाई पुढे झाली. तिने दोन्ही टायरांत अंगठा दाबून बघितला, बाजारात पापलेट बघतात तसा. मग कोऱ्याची कड वाकवली, चिरा बघितल्या, आणि टायर नाकाशीही नेला.

"हा शिळा हाय," ती म्हणाली. "बोट दाबला तं वर येत नाय. तो दुसरा घे."

मिलिटरीतले सार्जंट जे दोन महिन्यांत शिकवू शकले नाहीत ते तिने अंगठ्याने सांगितलं. मी तोच टायर चढवला आणि 'उद्या बिनघोर न्या' असं सांगितलं. ती दोघं पनवेलातच तिच्या बहिणीकडे मुक्कामाला गेली. सकाळी लवकर निघायचं होतं, म्हणून मी घरी जाण्याआधी सगळं तपासून ठेवलं. ब्रेक, साखळी, हवा. मग तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. तेल पार तळाला गेलेलं. गाडी सुरू करायची नव्हती. दिलेला शब्द माझ्या चांगला लक्षात होता. आणि त्या शब्दाच्या नादात, उभ्या फटफटीचं तेल बघायचं नसतं हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. मी डबा उचलला आणि खुणेपर्यंत तेल ओतलं. वर फडक्याने टाकी पुसली, तीही मोठ्या समाधानाने.

रविवारी सकाळी सात वाजता बाळारामने किक मारली. चौथ्या किकेला गाडी बोलली आणि मागून पांढऱ्या धुराचा असा लोट आला की चिंच दिसेनाशी झाली. हा धूर पोटात साचलेल्या तेलाचाच होता. शिकाऊ पोरालाही कळला असता. बाळाराम इंजिनवाला माणूस, त्याने विचारलंसुद्धा, "मिस्त्री, एवढा धूर?"

मी हसून म्हणालो, "महिनाभर झोपली होती. जांभई देतेय."

सगळे हसले. हौसाबाई नवं लुगडं सावरत मागे एका बाजूने बसली आणि दोघं उरणच्या रस्त्याला लागली. आयुष्यात मी जे विनोद केले त्यात हा एकच मला परत घ्यावासा वाटतो.

साडेसातच्या सुमाराला रूबेनसाहेब आले. हातात माझ्यासाठी पाना-पेंचिसांचा त्यांचा संच, आठवण म्हणून. काल शनिवारी सुरू न करता दाखवलेली गाडी आज सकाळी गेली, हे मी सांगितल्यावर रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. मग सवयीने विचारलं, "तेल बघितलंस ना?"

"बघितलं की. तळाला गेलं होतं. भरून दिलं."

"तळाला?" ते म्हणाले. "मी उभी केली तेव्हा खुणेपर्यंत होतं. मी स्वतः भरलं होतं."

आम्ही दोघांनीही खाली बघितलं. गाडी महिनाभर जिथे उभी होती ती जमीन कोरडी होती. खाली मी पत्र्याची ताटली ठेवली होती, त्यात चिंचेची पानं आणि दोन थेंब. तेल बाहेर गेलं नव्हतं. म्हणजे ते आतच होतं, आणि वर मी तेवढंच आणखी ओतलं होतं. मला उरणच्या रस्त्यावरची, जासईच्या अलीकडची वळणं दिसायला लागली आणि त्या वळणांवर एका बाजूने बसलेली बाई.

शेडमध्ये एका डॉक्टरांची फटफटी दुरुस्त होऊन उभी होती. त्यांना न विचारता मी ती बाहेर काढली. डॉक्टर आता हयात नाहीत, म्हणून इथे कबूल करतो. रूबेनसाहेब मागे बसले. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "काल माझ्या शब्दाखातर तू ती सुरू केली नाहीस. चल."

गावाबाहेर पडल्यावर दोन मैल रस्ता स्वच्छ होता. मग पांढऱ्या धुळीत काळे थेंब दिसायला लागले. आधी हातभर अंतराने, मग बोटभर, मग एक सलग रेघ. मी वेग वाढवला की रूबेनसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, कमी केला की हात काढायचे. एका डाव्या वळणावर ती रेघ एकदम आडवी गेली होती. रस्त्याच्या कडेपर्यंत चाक घसरल्याचा पट्टा, आणि त्यापुढे खाली उतार. आम्ही थांबलो. खाली बघायचा मला धीर होईना. रूबेनसाहेबच उतरले, कडेला गेले, वाकून बघितलं आणि वळून नुसता हात हलवला. खाली काही नव्हतं. पट्टा पुन्हा रस्त्यावर आला होता आणि रेघ पुढे गेली होती.

अर्ध्या मैलावर एका वडाखाली फटफटी टेकून उभी होती. बाळाराम उकिडवा बसून तिच्याकडे बघत होता. हौसाबाई मैलाच्या दगडावर बसली होती आणि लुगड्याचा डावा काठ पिळत होती. तो काठ गुडघ्यापासून खाली तेलाने काळा झाला होता.

मी गाडी उभी केली आणि रस्त्यावरच बसलो. मला रडू आलं हे सांगायला आज लाज वाटत नाही. रूबेनसाहेब डोळे मिटून त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. दोन धडधाकट माणसं बघून इतका आनंद मला पुढे माझ्या मुलाच्या जन्मालाही झाला नसेल. हे मी घरी कधी बोललो नाही.

"काय झाला तुमाला?" हौसाबाई म्हणाली. "पडलो आमी असतो नि रडतंय तुमी."

झालं होतं असं. उडालेलं तेल आधी तिच्या लुगड्यावर आलं. तिने नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला नव्या गाडीचं असंच असतं. मग त्या वळणावर चाक सरकलं. त्याने कशीबशी सावरली. तेव्हापासून ती ओरडत राहिली, "थांबव, मी उतरतंय. तुला जायाचा तं जा." शेवटी तो या वडाखाली थांबला. वडापुढे दोन फर्लांगांवर आणखी एक डावं वळण होतं, त्याच्या खाली खाडी.

बाळाराम मात्र माझ्याकडे बघून ओशाळून हसला. "मिस्त्री, माजाच चुकला. लाँचच्या सवयीनं येकदम पळवली. इंजिन तापला नि तेल फेकला. तुमची गाडी झ्याक हाय."

आता खरं सांगतो. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. मी "हो, सुरुवातीला सावकाश चालवा" एवढं म्हटलं असतं तर तो माझे उपकार मानत घरी गेला असता आणि पनवेलात माझं नाव तसंच राहिलं असतं. रूबेनसाहेब माझ्याकडे बघतही नव्हते. ते वडाच्या पारंब्यांकडे बघत उभे होते. तपासनीस माणूस, उत्तर सांगत नसत, वाट बघत.

"बाळाराम," मी म्हटलं, "चूक माझी. गाडी सुरू न करता मी तेल बघितलं आणि दुप्पट भरलं. सकाळी धूर दिसला तेव्हाही मला कळायला हवं होतं. तू विचारलंस आणि मी थट्टा केली."

हौसाबाईने लुगडं पिळायचं थांबवलं. मी कोणाकडे न बघता कामाला लागलो. इंजिनच्या पोटाखालचा बोल्ट काढून तेल सोडायचं होतं, भांडं नव्हतं. तिने भाकरीचा डबा रिकामा करून, भाकरी पदरात घेऊन, डबा माझ्यासमोर आपटला. तो काठोकाठ भरला तरी धार चालूच होती. मग मी पोट बंद केलं, टाकीतलं जास्तीचं तेल काढलं, पेट्रोलच्या फडक्याने टायर तीनदा पुसला आणि वर सुकी माती चोळली. त्यानंतर पाच मिनिटं इंजिन चालवून झाकण उघडलं. तेल खुणेवर होतं. बाळारामला वाकवून दाखवलं, नळीशी पांढरा रुमाल धरून दाखवला. रुमाल रूबेनसाहेबांचा, आणि तो पांढराच राहिला.

"आता बिनघोर न्या," मी म्हटलं. "वाटलं तर परत द्या. साहेब नाही म्हणणार नाहीत."

बाळाराम पुढे झाला, पण हौसाबाईने त्याचा दंड धरला. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बाई उंच नव्हती, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही.

"काल पन तू हेच बोललास," ती म्हणाली. मघाचं 'तुमी' गेलं होतं. "बिनघोर न्या. आता तू चालव. मी मागं बसतंय. गावापरत."

रूबेनसाहेब डॉक्टरांच्या गाडीवर बसले, त्यांच्या मागे बाळाराम. मी किक मारली. धूर आला नाही. हौसाबाई मागे बसली, तशीच एका बाजूने, भाकरी पदरात धरून, आणि तिने एका हाताने सीटची कड पकडली. मी हजारो गाड्या दुरुस्त करून दिल्या होत्या. माझ्या कामावर विसंबून कोण माणूस बसतो, त्याचं वजन किती असतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा पाठीमागे जाणवलं.

दोन फर्लांग संपले. पुढे ते डावं वळण आलं आणि वळणाखाली भरतीची खाडी चकाकायला लागली. माझा हात आपोआप ढिला पडला. गाडी इतकी मंदावली की पाय टेकवावा लागतो की काय असं झालं. मागून रूबेनसाहेबांची गाडीही मंदावली.

"घाबरतंस कशाला?" हौसाबाई कानाशी म्हणाली. "तूच नीट केलीस ना? मंग वळव."

मी गाडी डावीकडे कलती केली. मागचं चाक रस्ता धरून वळलं.